चारमथचा किनारा आणि आईंचा शाळिग्राम



आज आम्ही दोघी बोलणार आहोत, नणंद-भावजय. एकीचं बिऱ्हाड गेली नऊ वर्षं इंग्लंडात ब्रिस्टलला आहे. दुसरी इथलीच, भाकऱ्या थापता थापता आपल्या केंद्राचे कार्यक्रम ऐकणारी. दिवाळीला दोघी एकत्र आलो तेव्हा केंद्रावरच्या ताईंनी गाठलं आणि म्हणाल्या, सप्टेंबरात तुम्ही आईंना घेऊन तिकडच्या समुद्रावर गेला होतात ना, तेच सांगा. आता आई म्हणजे एकीची आई आणि दुसरीच्या सासूबाई. एक म्हणते ‘आई आली’, दुसरी म्हणते ‘आई आल्या’. इथे आपण आल्याच म्हणू, म्हणजे कुणाची पंचाईत नको.

आईंचं वय एकाहत्तर. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. इंग्लंडला यायला त्या तयार नव्हत्या. त्यांची अडचण एकच होती. देवघरातल्या शाळिग्रामाचं काय करायचं? आमच्याकडे चार पिढ्यांचा शाळिग्राम आहे. त्याला अंघोळ आजेसासऱ्यांनी घातली, मग सासऱ्यांनी, मग बाबांनी. बायकांनी हात लावायचा नाही, ही घरची रीत. आईंनी पन्नास वर्षं गंध उगाळून दिलं, तुळस खुडून आणली, तांब्या घासून दिला आणि हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. बाबा गेल्यावर शेजारचा एक मुलगा येऊन पूजा करून जायचा. त्याला नोकरी लागली तशी तीही खंडली, आणि शाळिग्राम डबीतच राहायला लागला. आईंना ते फार लागलं होतं, पण बोलायच्या नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तर गाव. चारमथ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा परगणा आहे, त्यातलं हे लहानसं खेडं. लंडनहून यायचं तर वॉटर्लू स्थानकावरून ॲक्समिन्स्टरपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. आम्ही ब्रिस्टलहून गाडीने गेलो. गावाला एकच मोठा रस्ता, तोही चढाचा. दोन्ही बाजूंना जुनी घरं, काहींची छपरं गवताने शाकारलेली. ती बघून आई म्हणाल्या, “इथे पण छपराला गवतच होय?” आम्हाला हसू आलं, पण त्यांचा अर्धा परकेपणा तिथेच गेला.

याच रस्त्यावर एक जुनं घर आहे. पूर्वी ती ‘क्वीन्स आर्म्स’ नावाची खानावळ-धर्मशाळा होती. १५०१ मध्ये स्पेनची राजकन्या कॅथरीन लग्नासाठी लंडनला जाताना इथे उतरली होती असं सांगतात. पण आम्हाला आवडली ती दुसरी गोष्ट. सप्टेंबर १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत दुसरा चार्ल्स हरला आणि जीव वाचवत पळत सुटला. फ्रान्सला जायला त्याला होडी हवी होती. चारमथच्या एका नावाड्याशी बोलणी झाली, रात्रीची वेळ ठरली. खानावळीत सांगितलं होतं की पळून जाऊन लग्न करणारं एक जोडपं येणार आहे. त्या आडोशाने चार्ल्स तिथे थांबला. इकडे नावाड्याच्या बायकोने लाइमच्या बाजारात दवंडी ऐकली होती. चार्ल्सला पकडून देणाऱ्याला हजार पौंड, आणि मदत करणाऱ्याला जबर शिक्षा. नवरा रात्री सामान बांधायला लागला तशी तिला शंका आली. तिने सरळ त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. होडी आलीच नाही. सकाळी लोहाराने घोड्याचे नाल पाहिले आणि म्हणाला, हे नाल वेगवेगळ्या परगण्यांत ठोकलेत, एक तर वूस्टरकडचा आहे. झालं, कुजबुज सुरू झाली आणि चार्ल्सला तिथून निसटावं लागलं. शेवटी ऑक्टोबरात दुसऱ्याच बंदरातून तो पार झाला.

हा चार्ल्स आपल्याला परका नाही बरं का. पुढे तो राजा झाला, पोर्तुगालच्या राजकन्येशी त्याचं लग्न ठरलं आणि हुंड्यात त्याला आपली मुंबई मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या नावाड्याच्या बायकोचं नाव काय?” आम्हाला सांगता आलं नाही. लोकांनी नवऱ्याचं नाव लक्षात ठेवलं, तिची मात्र ओळख नावाड्याची बायको एवढीच.

रस्ता उतरून समुद्राकडे गेलं की चार नावाची नदी समुद्राला मिळते. नदी म्हणायची, पण आपल्याकडच्या ओढ्याएवढी. किनाऱ्यावरच सिमेंटच्या जुन्या कारखान्याची इमारत आहे, तिच्यात आता जीवाश्मांचं केंद्र चालतं. जीवाश्म म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे, झाडांचे दगडात उरलेले अवशेष. चारमथचे कडे साधारण एकोणीस कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाचे आहेत. तो चिखल दगड झाला, वर आला, आणि आता समुद्र त्याला पुन्हा कुरतडतोय. पाऊस पडला, वादळ झालं की कडा ढासळतो, लाटा माती धुऊन नेतात आणि आतले जीवाश्म वाळूत पडतात. म्हणून लोक इथे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातल्या वाईट हवेनंतर शोधायला येतात. हा सगळा सुमारे १५५ किलोमीटरचा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे.

तिथे कुणालाही जीवाश्म वेचता येतात, याचं आम्हाला आधी खरंच वाटलं नाही. नियम साधे आहेत. वाळूत, गोट्यांत सुटं पडलेलं घ्यायचं. कड्याला हात लावायचा नाही, खणायचं नाही. दुर्मीळ काही मिळालं तर केंद्रात नेऊन दाखवायचं, म्हणजे नोंद होते. समुद्र ते फोडून टाकणारच असतो, त्याआधी कुणीतरी उचललेलं बरं, असा त्यामागचा विचार.

केंद्रात काम करणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. बहुधा सेवाभावी असाव्यात. मुलांच्या घोळक्याला त्या एकेक वस्तू दाखवत होत्या. बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार दगड म्हणजे बेलेम्नाइट, माकूळासारख्या एका प्राण्याच्या अंगातला कठीण भाग. पूर्वी लोक समजायचे की वीज पडली की तो जमिनीत उतरतो. मग त्यांनी गोल, वेटोळं घातलेला दगड काढला. अमोनाइट. हाही माकूळाचाच दूरचा नातलग, पण शंख असलेला. इंग्लंडात जुने लोक त्याला दगड झालेला साप म्हणायचे, विकणारे तर त्याला सापाचं डोकंसुद्धा कोरायचे. बाईंनी तो सहज आईंच्या पुढे धरला, बघा म्हणून.

आईंनी दोन्ही हात मागे घेतले.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. आईंच्या तोंडून एकच शब्द आला, “शाळिग्राम.”

आणि ते खरंच आहे, मैत्रिणींनो. नेपाळात गंडकी नदीत सापडणारे चक्राचे शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या तळाशी ते चिखलात गाडले गेले. हिमालय उठला तसे तेही वर चढले आणि नदीने ते खाली वाहून आणले. बाईंना आम्ही मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की आमच्या घरी याची पूजा होते. त्यांना शाळिग्राम ऐकून माहीत होता. पण आई मागे का सरल्या हे समजावून सांगायची वेळ आली तेव्हा आमची दोघींची बोलती बंद झाली. काय सांगणार? आई स्वतःच म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, सवय नाही.”

बाईंनी तो दगड टेबलावर ठेवला, आग्रह केला नाही. आम्हाला त्यांचं हे फार आवडलं.

आता आमचा गाढवपणा. तोही सांगायला हवा, कारण समुद्रावर जाणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल. आम्ही घाटावरच्या बायका, भरती-ओहोटी आमच्यासाठी कॅलेंडरातली गोष्ट. केंद्राच्या फळ्यावर ओहोटीची वेळ लिहिली होती, बाराची. मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं की पुस्तिकेतल्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे असतात, उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात ना, म्हणून. फळ्यावरच्या वेळेत तो तास आधीच मिळवलेला होता. आम्ही हुशारी करून आणखी एक मिळवला. म्हणजे बाराची ओहोटी आमच्या लेखी एकला.

पश्चिमेला, लाइमच्या बाजूने, ब्लॅक व्हेन नावाच्या काळ्या कड्याच्या अंगाने आम्ही निघालो. तो कडा म्हणजे सतत सरकणारा चिखल आहे. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गमबूट आत. त्यापासून लांब, वाळूच्या बाजूनेच चालायचं. आई खाली बघत, आमच्यापेक्षा हळू चालत होत्या. शेंगा वेचायची सवय त्यांच्या नजरेत होती. आम्ही मोठे मोठे दगड उलटत होतो आणि काही मिळत नव्हतं. त्या बारीक खड्यांच्या पट्ट्यापाशी खाली बसल्या आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, “हे बघा.”

चार आण्याच्या नाण्याहून लहान, सोनेरी, पूर्ण वेटोळं. पायराइट नावाच्या खनिजाने भरलेला अमोनाइट. तो त्यांच्या तळहातावर होता. त्यांनी तो उचलला होता. उचलताना त्यांच्या लक्षात आलं नसावं, मग आलं, आणि त्या तशाच बसून राहिल्या. आम्ही काही बोललो नाही.

मग एका शिळेवर बसून आम्ही थालीपीठ खाल्लं. एक वाजला होता. आता कुठे ओहोटी लागली, सावकाश चला, असं आम्ही म्हणतोय तोवर दोन झाले. कुत्रं फिरवणारी एक मुलगी लाइमकडून भराभर येत होती, तिने ओरडून विचारलं, “तुम्ही अजून इथेच? पाणी दोन तास चढतंय!” भरतीचं पाणी सुरुवातीला हळू चढतं आणि मधल्या तासांत सगळ्यात वेगाने. नेमके तेच तास आता लागले होते. उठून बघतो तर येताना जी वाळू तुडवली ती कुठेच नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तो चिखलाचा कडा, आणि मध्ये एकाहत्तर वर्षांची बाई.

त्या मुलीने आईंचा एक हात धरला, आम्ही दुसरा. शेवटच्या टप्प्यात लाटा गुडघ्याला लागत होत्या. एक लाट परतताना पायाखालचे गोटे घेऊन जाते तेव्हा माणूस आपोआप वाकतं. आई दोनदा वाकल्या. वीस मिनिटं लागली असतील. केंद्रापाशी आलो तेव्हा आमच्यापैकी एक रडत होती. कोण ते सांगत नाही. आईंनी रुमालाची गाठ चाचपली आणि म्हणाल्या, “आहे.”

तेव्हा तिकडे कुणी गेलं तर एवढं करा. वेळ केंद्रात विचारून घ्या, स्वतः गणित करू नका. पाणी उतरत असताना निघा आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या आत मागे फिरा. कड्याखाली बसू नका, दगड सुटतात. अडकलात तर ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागायचा.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलं होतं. गावाच्या पूर्वेला गोल्डन कॅप आहे, १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सगळ्यात उंच टोक. ते अर्ध्यावरून बघून परतलो. वरचा खडक उन्हात खरोखर सोनेरी दिसतो. त्याच्या पायथ्याशी एका उठून गेलेल्या गावातल्या देवळाच्या भिंती उरल्या आहेत, तिथपर्यंतही जायचं होतं. राहिलं.

मग लाइम रीजिसला गेलो, शहाण्यासारखं रस्त्याने. तीनेक किलोमीटरवर लहानसं बंदराचं शहर. तिथे समुद्रात वळण घेत गेलेला जुना दगडी धक्का आहे, कॉब म्हणतात. जेन ऑस्टेनच्या ‘पर्सुएशन’ कादंबरीत एक मुलगी त्याच्या पायऱ्यांवरून उडी मारताना पडते, ते हेच ठिकाण. पण आम्ही गेलो होतो मेरी ॲनिंगसाठी.

मेरीचा जन्म इथे १७९९ चा. सव्वा वर्षाची असताना जत्रेसारख्या गर्दीत एका झाडाखाली वीज पडली. तिला कडेवर घेतलेली बाई आणि आणखी दोघी गेल्या, मेरी वाचली. वडील सुतारकाम करत आणि जोडीला जीवाश्म वेचून प्रवाशांना विकत. १८१० मध्ये ते गेले आणि मागे कर्ज राहिलं. मग आई, भाऊ जोसेफ आणि मेरी, तिघांनी तोच धंदा चालवला. १८११ मध्ये जोसेफला लाइम आणि चारमथच्या मधल्या कड्यात एक अजस्र कवटी दिसली, आणि पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची. तो होता इक्थिओसॉर, समुद्रात राहणारा सरीसृप. सांगाडा तेवीस पौंडांना विकला गेला. १८२३ मध्ये तिला लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा मिळाला, १८२८ मध्ये उडणाऱ्या सरीसृपाचा. हे सगळं आम्ही ज्या चिखलात अडकलो त्याच बाजूला, हिवाळ्यात, लांब झग्यात, भरतीकडे डोळा ठेवून. १८३३ मध्ये कडा कोसळला आणि तिचा कुत्रा ट्रे तिच्या पायाशी गाडला गेला. ती थोडक्यात वाचली.

शाळा अशी रविवारच्या चर्चमधली. पण शास्त्रज्ञांचे लेख ती हाताने उतरवून काढायची, चित्रांसकट. मोठमोठे लोक लंडनहून येऊन तिच्याकडून शिकून जात. तिने काढलेल्या प्लेसिओसॉरवर १८२४ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या संस्थेत व्याख्यान झालं, त्यात तिचं नाव नव्हतं. त्या संस्थेत बायकांना सभासद करून घ्यायला १९१९ उजाडलं. मेरी १८४७ मध्येच, सत्तेचाळीसाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने गेली. संस्थेच्या सभासदांनी नंतर गावच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. जिवंतपणी दारातून आत घेतलं नाही, मेल्यावर खिडकी दिली, असं आमच्यातली एक तिथेच म्हणाली, आणि जरा मोठ्याने म्हणाली.

तिच्या राहत्या घराच्या जागी आता शहराचं संग्रहालय आहे. आणि २०२२ मध्ये, तिच्या वाढदिवशी, २१ मे रोजी, समुद्राजवळ तिचा पुतळा बसला. एका शाळकरी मुलीने विचारलं होतं की आमच्या मेरीचा पुतळा का नाही, त्यातून लोकांनी पैसे जमवले. हातात हातोडी, झग्याला वारा लागलेला, पुढे कुत्रा. लोक तिच्या आसपास गोटे, शंख ठेवून जातात. आई बराच वेळ पुतळ्याच्या हातांकडे बघत होत्या.

परत आल्यावर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. सोनेरी अमोनाइट नातीच्या कंपासपेटीत गेला. तो कोरडा ठेवावा लागतो, दमट हवेत पायराइटचा भुगा होतो, म्हणून आईंनी त्याच्याबरोबर तांदळाची पुरचुंडी ठेवली.

तुळशीच्या लग्नाला अंगणात ऊस उभे केले, चिंचा-आवळे आले, अंतरपाट धरायला मुलं आली. नवरदेव डबीत. पुण्याहून फोन आला की मला यायला उशीर होतोय, कुणाला तरी बोलवा. आईंनी हातपाय धुतले, डबी उघडली आणि शाळिग्राम ताम्हणात ठेवला. शेजारच्या काकू दारातच थबकल्या. “अहो, तुम्ही हात…”

आई म्हणाल्या, “थंडी पडलीय. पाणी जरा कोमट करून आणा.”

आम्ही दोघी चुलीकडे गेलो. आमची वेळ संपत आल्याचं ताई काचेमागून खुणावतायत. नमस्कार.